बनुबाईशी संबंध नसल्याचा दाखला

ज्या वर्षी कुशाबाच्या धाकट्या नातवाचं बारसं झालं, आणि नाव कोणी ठेवायचं यावरून त्याच्या दोन आत्या पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींशी कायमच्या बोलेनाशा झाल्या, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, कुडपणच्या पठारावर देशाच्या सुरक्षेचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला.

देशाची सुरक्षा ही फार नाजूक गोष्ट असते. तिला बाहेरून शत्रूचा धोका असतो आणि आतून मायेचा. शत्रूच्या बंदोबस्ताला सैन्य आहे. मायेच्या बंदोबस्ताला एक अर्ज आहे. तो बत्तीस पानांचा असून तीन प्रतींत भरावा लागतो. ज्याने तो तयार केला त्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. सख्खी बहीण देशाला केव्हा घातक ठरते, हे त्याने रकाने पाडून दाखवलं आहे.

हा अर्ज कुडपणला आला तो अक्षदामुळे. अक्षदा ही कुशाबाच्या थोरल्या मुलाची, राजेशची मुलगी. महाडला राहून तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, परीक्षा दिली आणि पुण्याच्या एका सरकारी खात्यात तंत्रज्ञ म्हणून तिची निवड झाली. खात्याचं नाव गुप्त ठेवायचं असल्यामुळे इथे देता येत नाही. (राजेशने मुंबईहून येऊन पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर पेढे वाटले, तेव्हा ते सगळ्यांना सांगितलं आहे. तिथे विचारावं.) निवड झाली, पण नेमणूक व्हायची होती. त्याआधी अर्जदार विश्वासू आहे की नाही हे बघायचं होतं, आणि त्यासाठी त्याचे नातेवाईक कुठे कुठे आहेत हे बघायचं होतं.

अर्ज कुशाबाने स्वतः भरायला घेतला. कुशाबाला अक्षरं उशिरा आली. बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसून तो लिहायला शिकला. त्याआधी सगळे कागद त्याने अंगठ्यावर निभावले होते आणि त्या कागदांत काय होतं याची त्याला कधी फिकीर वाटली नव्हती. अंगठ्याला जबाबदारी नसते. सहीला असते. तेव्हापासून सरकारी कागद म्हटला की कुशाबा हातपाय धुऊन बसायचा.

अक्षदा एकेक प्रश्न मराठीत करून सांगू लागली. सातव्या पानावर प्रश्न आला : सर्व जवळच्या नातेवाइकांची नावे.

“जवळचा म्हणजे कोण?” कुशाबाने विचारलं.

“ते लिवलेलं नाय, आबा.”

“मग आपल्यालाच ठरवायला पायजे. ज्याचं सुतक धरतो तो जवळचा. त्याच्यापलीकडे जवळचं काय असतं?”

या व्याख्येत चूक काढता येत नाही. खुद्द खात्याकडेही एवढी नेमकी व्याख्या नव्हती. कुडपणला प्रत्येक घराच्या म्हाताऱ्याला सुतकाची यादी तोंडपाठ असते, कारण माणूस गेलं की कोणाकोणाला निरोप धाडायचा हे ऐनवेळी आठवत बसता येत नाही. कुशाबाने ती यादी लिहायला सुरुवात केली.

“आबा, रकाने सहाच हायत.”

“सरकारकडे माणसं कमी असतील गो. आपल्याकडे कमी नायत.”

अकरा पानं पाठपोट जोडली. नावं तीनशे सतरा झाली. त्यांत एकोणीस जण मेलेले होते, कारण नातेवाईक जिवंतच असावा असं अर्जात कुठे म्हटलं नव्हतं. त्यांच्यापुढे ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात कुशाबाने ‘वर’ असं लिहिलं. उरलेल्या दोनशे अठ्ठ्याण्णवांपैकी दोनशे सत्त्याण्णव कुडपण, कापडे, मुंबई आणि सुरत इथे होते. एकटी त्याची धाकटी बहीण बनुबाई विलायतेत होती.

बनुबाईचा नवरा भिकू कापडे गावचा. मुंबईत एका व्यापाऱ्याकडे स्वयंपाकी होता. व्यापारी एकोणऐंशी साली कुटुंबासकट लेस्टरला गेला. त्याला तिथे बिऱ्हाड मिळालं, दुकान मिळालं, पण आमटी कुठे मिळेना, म्हणून त्याने भिकूला बोलावून घेतलं आणि भिकूबरोबर बनुबाई गेली. पुढे व्यापारी वारला, भिकू वारला, बनुबाई मुलाकडे राहिली. तिच्याकडे आता तिथल्या सरकारचा पासपोर्ट होता. हा पासपोर्ट तिने एकदाच वापरला.

परदेशी नातेवाइकासाठी वेगळं पान होतं. पानाच्या डोक्यावर मोठ्या मनाने लिहिलं होतं : परदेशी नातेवाईक असणे हा अपात्रतेचा निकष नाही, मात्र त्यांच्याविषयी जिव्हाळा असल्यास त्याचे स्वरूप स्पष्ट करावे.

कुशाबाने स्पष्ट केलं. शेवटचा संपर्क : रविवारी. संपर्काचे प्रमाण : दर रविवारी. जिव्हाळ्याचे स्वरूप : बहीण आहे. संभाषणाचे विषय : १. माझा गुडघा. २. तिचा गुडघा. ३. म्हशीचं वेत. ४. कोण मेलं. ५. कोण कोणाशी बोलत नाही. ६. घाट चालू आहे की बंद.

खाली तारीख घालून सही केली. सही करायला त्याला दीड मिनिट लागायचं. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही.

दिवाळीनंतर पडताळणीला मंगेशराव आले. ते पुण्याचे, नेमस्त आणि गोड बोलणारे. जीप शाळेपाशी ठेवून ओटीवर येऊन बसले आणि अकरा पानं मांडीवर घेऊन म्हणाले, “आजोबा, मी बावीस वर्षं हे काम करतोय. इतका प्रामाणिक अर्ज माझ्या हातात आला नाही. यामुळे फार अडचण झाली आहे.”

मग त्यांनी एकेका नावाची चौकशी केली. कोणाशी बोलणं आहे, कोणाशी नाही, याचा त्यांनी तक्ता केला. तो देशाच्या दृष्टीने अत्यंत समाधानकारक निघाला. बांधावरून अबोला : एक्केचाळीस. फणसाच्या वाटणीवरून : सव्वीस. शिमग्याच्या पालखीच्या मानावरून : सतरा. बारशावरून : दोन. कारण दोन्ही पक्षांना आठवत नाही, असे : तेहेतीस. एकूण एकशे एकोणीस, म्हणजे जिवंत नातेवाइकांच्या जवळजवळ चाळीस टक्के.

“उत्तम,” मंगेशराव म्हणाले. “माणसाचा माणसावर जितका कमी जीव, तितका देश सुरक्षित. हे मी म्हणत नाही, परिपत्रक म्हणतं. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या जिवावर कोणीही तुम्हाला नाचवू शकतं.” आणि दोन्ही आत्यांच्या नावांपुढे त्यांनी लाल पेन्सिलीने शाबासकीची खूण केली. त्यांतली दर्शना मोरीच्या दाराशी उभी होती आणि मैना चुलीपाशी. दोघींना एकाच वेळी बरं वाटलं, आणि ते एकमेकींना दिसू नये म्हणून दोघींनी तोंडं फिरवली.

मग ते बनुबाईच्या पानावर आले. सहाव्या विषयाभोवती त्यांनी आधीच गोल केला होता.

“एक परदेशी नागरिक दर आठवड्याला घाटरस्त्याची स्थिती विचारते. किती वर्षांपासून?”

“चव्वेचाळीस झाली. आधी पत्रातून विचारायची. भिकू लिवायचा.”

“आणि इकडे कोण वाचायचं?”

“पोस्टमन. मला तवा वाचता येत नवतं.”

“म्हणजे साखळी होती,” मंगेशरावांनी लिहून घेतलं. “पण त्यांना आपल्या घाटाशी काय करायचं आहे?”

“ती म्हणते, घाट चालू असला की येईन.”

“मग आल्या का?”

“एकदा आली. शहाऐंशी साली. नेमका तवाच घाट बंद होता. घाटाखालच्या कापड्यापासून चालत आली.”

मंगेशरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते मनाने वाईट नव्हते. (त्यांची स्वतःची मेहुणी कॅनडात होती. पण तिच्याशी त्यांचं पटत नसल्यामुळे त्यांना पहिल्याच फेरीत मंजुरी मिळाली होती.) त्यांनी वाट दाखवली. बहीण परदेशात असायला हरकत नव्हती. फक्त तिच्यावर जीव असता कामा नये. ‘संबंध दुरावल्याचे स्वयंघोषणापत्र’ नावाचा कागद होता. त्यात भांडणाचं कारण लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि एक वर्ष बहिणीशी बोलायचं नाही. तोवर अक्षदाला हंगामी म्हणून रुजू करून घेतील. वर्षाने ते स्वतः येऊन दुरावा टिकला आहे की नाही ते बघतील. टिकला असला तर नोकरी पक्की. नसला तर घरी.

अक्षदा म्हणाली, “आबा, मला नको असली नोकरी.”

“तू गप. तुला कोणी इचारलं नाय,” ठकूबाई म्हणाली. ठकूबाई म्हणजे कुशाबाची बायको. घरात शेवटचा शब्द तिचा असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

दोन दिवसांनी देवळात गावकी बसली. आपल्या पोरीचं काम अडलंय म्हटल्यावर गाव मदतीला धावलंच. एका जाणत्याने सुचवलं की बनुबाईला सरळ वाळीत टाकावं. या कामात आपल्या मुलखाचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, हे त्याने नम्रपणे नमूद केलं. तेव्हा पोलीस पाटील महादू उठला आणि म्हणाला, “टाका. पण वाळीत टाकणाऱ्याला आता तीन वर्षं आत बसवतात. कायदा हाय.” गावकीने बराच विचार करून निष्कर्ष काढला, तो असा : सरकारला नातं तुटलेलं हवं आहे, पण ते गावाने तोडलेलं नको. ते ज्याने त्याने घरच्या घरी तोडावं.

म्हणून पुढच्या रविवारी कुशाबा घरातला मोबाइल घेऊन शाळेच्या कुंपणाच्या वरच्या कोपऱ्यावर गेला. कुडपणला रेंज तिथेच येते. साक्षीदार म्हणून ठकूबाई आणि महादू, शिवाय अक्षदा, असे बरोबर होते. पडद्यावर बनुबाई आली. डोक्याला लोकरीची टोपी, मागे खिडकी.

“दादा, घाट चालू हाय का?”

“चालू हाय. बने, आपल्याला भांडायला पायजे.”

“का रे?”

“अक्षदाच्या नोकरीसाठी. कागदावर कारण लिवायचं हाय. एक वरीस बोलायचं नाय.”

बनुबाईने थोडा विचार केला. “मग आईच्या नथीवरून भांडू. ती तू ठकीला दिलीस.”

“आणि तू गप ऱ्हायलीस? तवाच भांडायचं!” ठकूबाई मागून म्हणाली.

“मला नकोच होती गो. माझं नाक केवढंसं. जड व्हायची.”

“हे चालणार नाय,” महादू म्हणाला. “दोघी हसतायत. मी खोटी सही करणार नाय.”

“जमिनीवरून भांडू,” कुशाबा म्हणाला. “तू हिस्सा माग.”

“मागितला. दे.”

“घे.”

“असं नाय रे भांडत,” महादू कळवळून म्हणाला. “एवढं वय झालं तरी तुम्हा दोघांना येत कसं नाय?”

अर्धा तास गेला. गौरीला माहेरी न नेणं, लग्नातला रुसवा, कोणीतरी कोणाच्या तरी कोंबडीला मारलेला दगड, सगळं काढून झालं. प्रत्येक भांडण दोन वाक्यांत मिटत होतं. शेवटी बनुबाई एकाएकी म्हणाली, “सवच्या कुंडात मला ढकललंस ते?”

कुशाबा बारा वर्षांचा असताना आईला खरूज झाली म्हणून घरची सगळी सवला गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला गेली होती. तेव्हा आठ वर्षांची बनू काठावर वाकून पाण्यातले बुडबुडे बघत होती, आणि त्याने तिला मागून ढकललं होतं.

“तू पाय घसरला म्हनून सांगितलंस. आईने मलाच मारलं. भाजलेल्या पायावर मारलं,” बनुबाई म्हणाली. “तुला सांगते दादा, त्याचा राग मला अजून हाय.”

“खरा?”

“खरा. देवाशप्पथ.”

“लिवा,” महादू म्हणाला.

लिहिलं : वादाचे कारण, सवचे कुंड. वादाचा कालावधी, सहासष्ट वर्षे. कुशाबाने दीड मिनिट लावून सही केली. तेवढा वेळ बनुबाई लेस्टरमध्ये गप्प बसली होती.

“झाली सही,” कुशाबा म्हणाला.

“मग आता ठेवू?”

“ठेव.”

“पण घाट बंद झाला तर मला कळणार कसं?”

फोन कोणी ठेवला ते कळलं नाही. बहुधा रेंज गेली.

कुशाबाच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर सही एकीकडे आणि फोन एकीकडे चालू ठेवला असता. पण ज्याला सही बावन्नाव्या वर्षी मिळाली, तो तिच्याशी असा वागू शकत नाही. पुढचे तीन रविवार तो कुंपणाच्या कोपऱ्यावर जायचा, मोबाइल कमरेला तसाच ठेवायचा आणि परत यायचा. जेवण उतरेनासं झालं. शेवटी ठकूबाईनेच डोकं लढवलं.

“बोलणार नाय म्हणून सही केलीस ना? वाजवणार नाय म्हणून केलीस का?”

मुंबईला गेलेल्या माणसाने पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे घरच्यांनी झोपावं, ही रीत या भागात वीस वर्षं चालत आली होती. तीच विलायतेला लावली. एकदा वाजवून बंद केलं तर घाट चालू. दोनदा वाजवलं तर बंद. पहिल्या रविवारी एकदा वाजवलं. बनुबाईला काही कळवलेलं नव्हतं, तिच्याशी काही ठरलेलं नव्हतं. पाच मिनिटांनी तिकडून एकदा वाजून बंद झालं. बनुबाईला कळलं होतं.

इथे एक गोष्ट प्रशासनाच्या श्रेयात मांडली पाहिजे. चव्वेचाळीस वर्षं दोन म्हातारी माणसं घाटाची स्थिती उघड उघड, पोस्टमनच्या देखत बोलत होती. खात्याने लक्ष घातल्यावर एका महिन्यात परदेशी नागरिकाला घाटाची माहिती खुणेने, गुप्तपणे आणि दर आठवड्याला नियमित जाऊ लागली.

अक्षदा पुण्यात रुजू झाली. पावसाळ्यात दरड आली तेव्हा सहा रविवार दोनदा वाजलं. बाकी सगळे रविवार एकदाच.

वर्ष भरलं. मंगेशराव येण्याची तारीख ठरली, चौदा जानेवारी, मंगळवार. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी कुशाबाने नेहमीप्रमाणे एकदा वाजवलं आणि तो कुंपणावर बसून राहिला. पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. त्याने पुन्हा वाजवलं नाही, कारण दोनदा म्हणजे बंद, आणि घाट तर चालू होता. ऊन उतरल्यावर ठकूबाई त्याला न्यायला आली. तो म्हणाला, “रेंज नसंल.” ठकूबाईने मोबाइलकडे पाहिलं. रेंज होती.

सोमवारी मुंबईहून राजेशचा निरोप आला.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक कुशाबाच्या घरी तीन दिवस असतं. मंगेशराव आले तो तिसरा दिवस. ते आनंदात होते. संक्रांत असल्यामुळे खिशात तिळगुळाची पुडी घेऊनच आले होते. देव्हाऱ्यात दिवा नव्हता, चुलीवर फोडणी नव्हती, पण हे पडताळणीच्या विषयांत बसत नसल्यामुळे त्यांनी त्याची नोंद घेतली नाही.

ठकूबाईने कुशाबाला आत बोलावलं. “सांगून टाक, गेली म्हणून. काम सोपं होईल.”

“नाय सांगायचं,” कुशाबा म्हणाला. “तिचं मरण त्यांच्या फायलीत दाखला म्हणून लागायचं नाय.”

तो ओटीवर येऊन बसला.

“बहिणीशी बोलणं?”

“नाय.”

“पुढे बोलण्याची शक्यता?”

“नाय.”

“नक्की?”

“नक्की.”

मंगेशरावांनी मोबाइल मागून घेतला आणि ते त्यातली वर्षाची नोंद खाली-वर बघत राहिले. तिकडून आलेले कॉल : पन्नासच्या वर. उचललेले : शून्य. इकडून केलेले : साठच्या वर. उचललेले : शून्य. त्यांचा चेहरा उजळला.

“आजोबा, मला वाटलं होतं दोन महिन्यांत विरघळाल. पण त्या करतात, तुम्ही उचलत नाही. तुम्ही करता, त्या उचलत नाहीत. वर्षभर! इतकं पक्कं वैर मी बावीस वर्षांत पाहिलं नाही.” त्यांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला, ‘दुरावा पूर्ण, धोका नाही’, आणि खाली झटकन सही ठोकली. मग पुडी सोडून कुशाबाच्या हातावर दोन दाणे ठेवले आणि म्हणाले, “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

कुशाबाने मूठ मिटली. सुतकात सण घेत नाहीत. जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत मूठ मिटलेलीच होती.

अक्षदा कायम झाली. बनुबाई त्या खात्याच्या फायलीत अजून जिवंत आहे, लेस्टरला राहते आणि भावावर रागावलेली आहे. नंतर कुशाबाला तिच्या पत्त्याच्या रकान्यात दुरुस्ती करायची होती, पण पत्ता बदलल्याचा अर्ज फक्त अर्जदाराला करता येतो.

हे वाचून कोणाला आपण अशा मंजुरीत बसू की नाही अशी शंका आली असेल, तर काळजीचं काही कारण नाही. आपला मोबाइल काढावा. लांब गेलेल्या भावाचं किंवा बहिणीचं नाव शोधावं आणि त्यापुढची शेवटची तारीख बघावी. कुशाबाला जे सही करून, साक्षीदार लावून आणि अन्न सोडून जेमतेम साधलं, ते आपल्याला कोणी न सांगता केव्हाच साधलेलं आहे. आपण पात्र आहात. देश आपल्या हातांत अगदी सुरक्षित आहे.

बनुबाई, वय पंचाहत्तर, रविवार दिनांक बारा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी लेस्टर इथे वारली. त्या दिवशी घाट चालू होता.